'टाइम' या शब्दाचे इटालियन भाषांतर

इंग्रजीतील 'टाइम' या शब्दापुढे 'वेळ' असे वहीत लिहून आपण मोकळे होतो. इटालियन भाषेत मात्र त्या एका शब्दाच्या जागी निदान तीन शब्द उभे राहतात. सवड किंवा वाहता काळ म्हणजे 'तेंपो'. घड्याळातील वेळ ती 'ओरा'. आणि तीन वेळा, चार वेळा अशी आवृत्ती मोजावयाची ती 'व्होल्ता'ने. तिकडील परीकथेचा आरंभही 'चेरा उना व्होल्ता' असाच होतो. आपण तेथे 'एके काळी' म्हणतो.

खरा घोटाळा होतो तो 'तेंपो'मुळे, कारण त्याचा दुसरा अर्थ हवामान. कोशातील पहिलाच शब्द उचलून कोणी रोममध्ये 'के तेंपो फा?' असे विचारले, तर उत्तर मिळावयाचे, पाऊस पडतो आहे! किती वाजले हे विचारावयाचे असेल तर 'के ओरा ए?' असेच म्हटले पाहिजे.

उत्तर देताना मात्र मराठी विद्यार्थ्याला एक सोय आहे, जी इंग्रज विद्यार्थ्याला नाही. आपण 'एक वाजला' पण 'तीन वाजले' म्हणतो. इटालियन मनुष्यही 'ए लूना' असे एकवचनात आणि 'सोनो ले त्रे' असे अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'इट इज'च! तेव्हा आधी मराठी वाक्य मनात जुळवावे, म्हणजे क्रियापदाचे वचन चुकत नाही. फक्त दीड आणि अडीच यांसारखे सुटसुटीत शब्द तिकडे शोधू नयेत. तेथे 'एक आणि अर्धा', 'दोन आणि अर्धा' असेच म्हणावे लागते.