ससा आणि मधमाशी

ससा गरीब प्राणी. दुखले-खुपले तरी तो सहसा ओरडत नाही. म्हणून ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनीच त्याला जपायला हवे.

मधमाशी सशाला चावते का? चावते. पण ती उगाच कुणाच्या वाटेला जात नाही. ससा पाला खाताना माशीला नाक लावतो, किंवा तिच्यावर पाय ठेवतो. मग ती डंख मारते. सशाच्या अंगावर दाट केस असतात. तिथे काटा सहसा पोचत नाही. पण नाक, ओठ, कान आणि डोळ्यांच्या कडा नाजूक असतात.

एका डंखाने ससा सहसा दगावत नाही. ती जागा सुजते आणि दुखते. मात्र नाक सुजले तर जपा. ससा नाकानेच श्वास घेतो.

मधमाशीचा काटा कातडीत रुतून बसतो. त्याला विषाची पिशवी असते. त्यातून विष आत जातच राहते. म्हणून काटा नखाने खरवडून लगेच काढावा. गांधील माशीचा काटा असा मागे राहत नाही. ती पुन्हा पुन्हा डंख मारते.

मग गार पाण्याचे फडके सुजेवर ठेवा. चुना किंवा रॉकेल लावू नका. ससा अंग चाटतो, ते त्याच्या पोटात जाईल. आपली दुखण्याची गोळीही त्याला देऊ नका. धाप लागली, तोंड सुजले किंवा त्याने खाणे सोडले, तर थांबू नका. गुरांचा दवाखाना गाठा.

खरी भीती आग्या मोहोळाची. धूर लागला, कुणी दगड मारला, की मोहोळ उठते. माणूस पळतो. गुरे दावे तोडून पळतात. पिंजऱ्यातला ससा कुठे पळणार? कडी तर आपणच लावलेली असते! शिवाय डंखाच्या वासाने आणखी माश्या तिथेच येतात. पुष्कळ डंख बसले तर ससा मरतो.

तेव्हा आधीच शहाणे होऊ या. मोहोळाच्या झाडाखाली पिंजरा ठेवू नये. पडवीत ठेवावा, पण वळचणीला गांधील माशीचे पोळे नाही ना, ते आधी पाहावे. उन्हाळ्यात माश्या पाण्यावर येतात. त्यांच्यासाठी दूर परसात पसरट भांड्यात पाणी ठेवावे. त्यात चार खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. मोहोळ उठलेच, तर आधी पोराबाळांना घरात घ्या.

मोहोळ जाळू नका. मधमाश्या फुलाफुलांवर फिरतात, म्हणून सूर्यफुलाचे दाणे भरतात, कांद्याचे बी धरते. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी पुण्यात १९६२ साली केंद्रीय संस्था निघाली, ती काही उगाच नाही. मोहोळ हलवायचे असेल, तर जाणकार माणसाला बोलवा.

ससाही जगावा, माशीही जगावी. पिंजऱ्याची जागा तेवढी आपण नीट निवडावी.

सांगा पाहू :
१. मधमाशीचा काटा लगेच का काढावा?
२. डंखावर चुना का लावू नये?
३. तुमच्या घराजवळ मोहोळ कुठे आहे? त्याच्या खाली काय बांधलेले असते?