माय व्हॉइस इज सिटिंग!

फर्स्ट इयरच्या व्हायव्हाला माझा आवाज बसला होता. एक्स्टर्नल म्हणाले, ‘स्पीक लाउडली.’ मी कळवणचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मनात मराठी वाक्य जुळवलं आणि ठोकून दिलं, ‘सर, माय व्हॉइस इज सिटिंग!’ सगळे हसले. पुढची दोन उत्तरं येत असूनही मी तोंड उघडलं नाही. मार्क गेले ते इंग्रजीमुळे नाही, त्या गप्प बसण्यामुळे.

नंतर विचार केला, चुकलं कुठे? शब्द बरोबर होते, त्यांची जोडी चुकली. आपला एकच ‘आवाज’ सगळीकडे चालतो. इंग्रजीत त्याचे तीन भाग होतात. सप्तशृंगी गडावर चैत्राच्या यात्रेत संबळ वाजतो, तो साउंड. मार्केटला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांनी पहाटे झोपमोड होते, तो नॉइज, म्हणजे नकोसा आवाज. आणि आई ओट्यावरून हाक मारते, तो व्हॉइस. तिघांचे सोबती वेगवेगळे, बरं का!

गोंगाट करू नका : ‘डू’ नव्हे, ‘डोन्ट मेक अ नॉइज’.
मोठा आवाज : ‘बिग’ नव्हे, ‘लाउड नॉइज’.
अस्पष्ट आवाज : ‘फेंट साउंड’.
आवाज बसला : ‘आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस’.
फोनवर आवाज येत नाही : ‘युअर व्हॉइस इज नॉट कमिंग’ नव्हे, ‘आय कान्ट हिअर यू’.
आवाज चढवणे : ‘रेझ युअर व्हॉइस’. इथे मात्र दोन्ही भाषांचं जमलं!

ईअँडटीसीवाल्यांना नॉइज नवा नाही. सिग्नलमधला नॉइज कानाला ऐकू आला नाही तरी नॉइजच. तो ‘रिड्यूस’ करतात किंवा ‘फिल्टर आउट’ करतात.

माझा रूम पार्टनर केरळचा. परवा म्हणाला, ‘मी तुला तीन वेळा आवाज केला, तू आला नाही.’ हसू आलं, पण त्याला कोणी ढ म्हटलं नाही. ‘आवाज दिला’ म्हणायचं, एवढं सांगितलं आणि आम्ही मेसला गेलो. इंग्रजी बोलताना एवढी सवलत आपण स्वतःला का देत नाही?

तेव्हा सुटा शब्द पाठ करू नका, वहीत जोडीनेच लिहा. आणि व्हायव्हाला चुकलं तरी बोलत राहा. बसलेला आवाज चार दिवसांत सुटतो, बसलेली भीती बोलल्याशिवाय जात नाही.