कालव्याकाठची पाठशाळा

पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. विहिरीच्या काठावर बसून पोहण्यावरची दहा पुस्तके पाठ केली, तरी पहिली उडी मारताच नाकातोंडात पाणी जायचेच. स्थापत्यविद्येचेही तसेच आहे. पूल, धरणे व कालवे कसे बांधावेत हे पुस्तकांत लिहिलेले असते. परंतु ती विद्या अंगी बाणते ती प्रत्यक्ष कामावरच. हे ओळखून आपल्या देशात एक विद्यालय एका मोठ्या कालव्याच्या काठी स्थापन करण्यात आले. त्याची ही हकीगत.

१८३७-३८ साली गंगा व यमुना या नद्यांच्या मधल्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. दोन अंगांना दोन महानद्या असूनही मधली शेते करपून गेली आणि सुमारे आठ लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी तेथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते. कंपनीच्या तोफखान्यातील प्रोबी कॉटली या अधिकाऱ्याच्या मनाने घेतले, की गंगेचे पाणी कालव्याने या शेतांपर्यंत आणावे. कॉटलीने स्थापत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. यमुनेच्या एका जुन्या कालव्याची दुरुस्ती करता करताच तो हे काम शिकला होता. सहा महिने कधी घोड्यावरून, कधी पायी हिंडून त्याने सारा मुलूख स्वतः मोजून काढला. १८४२ साली खोदकामास प्रारंभ झाला.

हरिद्वारपासून निघालेल्या या कालव्याला रुडकी गावाजवळ सोलानी नदी आडवी आली. नदी तर हलविता येत नाही! तेव्हा कॉटलीने नदीवर पंधरा कमानींचा विशाल जलसेतू बांधावयाचे ठरविले. प्रत्येक कमान पन्नास फूट रुंदीची. खालून सोलानी वाहावी आणि कमानींच्या माथ्यावरून गंगेचे पाणी जावे, अशी ही योजना होती. भरावाची माती वाहून आणण्यासाठी तेथे लोखंडी रूळ टाकले गेले व १८५१ साली त्यांवरून वाफेचे इंजिनही धावले. मुंबई ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, ती त्यानंतर दोन वर्षांनी.

एवढ्या मोठ्या कामाला जाणती माणसे हवीत. ती आणावयाची कोठून? प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन याने १८४७ साली रुडकी येथेच स्थापत्याचे विद्यालय काढले. रुडकीच का? कारण तेथे कारखाने होते, नमुन्यांचे दालन होते, ग्रंथालय होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांदेखत उभा राहणारा जलसेतू होता. याहून चांगला धडा कोणता असणार? भारतीय विद्यार्थ्यांनाही तेथे प्रवेश होता.

गणित व चित्रकला यांच्या जोडीला जमिनीची मोजणी करणे हाही तेथील अभ्यासाचा भाग होता. मोजणीचे हे काम वरवर सोपे दिसते. तिवईवर दुर्बीण ठेवावयाची. तिच्यावरील काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. तो नेमका मधोमध आला म्हणजे दुर्बीण समपातळीत आली असे समजावे. मग दूर उभ्या केलेल्या पट्टीवरील आकडा वाचावयाचा. दोन ठिकाणच्या आकड्यांतील फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतील फरक. वहीत हे गणित दोन ओळींचे आहे. पण उन्हात पट्टी किंचित कलली, तिवईचा पाय मातीत रुतला किंवा डोळा थकला, की आकडा चुकतो. आणि ही चूक वहीत राहत नाही. ती कालव्यात उतरते.

तसे प्रत्यक्ष घडलेही. ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडण्यात आले. पुढे असे आढळले, की काही भागांत कालव्याचा उतार हवा त्यापेक्षा अधिक झाला आहे. मोजणी अचूक होती. पण किती उतार ठेवावा याचा अंदाज चुकला होता. वेगाने धावणारे पाणी तळ खरवडू लागले, बांधकामांच्या पायथ्याची माती धुऊन नेऊ लागले. अनेक ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या. कॉटलीसारख्या अनुभवी माणसाचीही चूक पाण्याने दाखवून दिली. पुस्तक पुष्कळ सांगते. पण अखेरची परीक्षा घेते ते पाणीच.

या विद्यालयातून १८७३ साली गंगाराम नावाचा एक पंजाबी तरुण पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे तो सर गंगाराम म्हणून प्रसिद्धी पावला. लाहोरच्या कित्येक सुंदर इमारती त्याने उभारल्या. पंजाबात काही जमीन कालव्यापेक्षा उंचावर असल्यामुळे कोरडी राहत असे. गंगारामाने रेनाला येथे कालव्याच्या पडत्या पाण्यावर वीज निर्माण केली आणि त्या विजेने पाणी उचलून उंच शेतांवर नेले. ज्या धावत्या पाण्याने कालव्याचा तळ खरवडला होता, तशाच पाण्याला १९२५ साली या रुडकीच्या विद्यार्थ्याने कामाला लावले!

रुडकीचे विद्यालय १९४९ साली विद्यापीठ झाले आणि २००१ पासून ते भारतीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. आपल्या पुण्यातही १८५४ सालीच स्थापत्याचा वर्ग सुरू झाला होता. सोलानीवरील कमानी अजून उभ्या आहेत. कमान रचणारे गवंडी, माती वाहणारे मजूर आणि आकडे टिपणारे विद्यार्थी यांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. पण त्यांच्या हातांचे काम अजून टिकून आहे. डोक्याने जाणावे, हाताने करावे आणि चुकले तर पुन्हा मोजावे, हाच त्या पाठशाळेचा धडा होय.

स्वाध्याय

१. कॉटलीला कालवा काढावा असे का वाटले?
२. विद्यालयासाठी रुडकी हेच ठिकाण का निवडले?
३. ‘अखेरची परीक्षा घेते ते पाणीच’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घराच्या अंगणातील पाणी कोणत्या दिशेने वाहते? तेथील उतार कसा मोजाल, ते करून पाहा व लिहा.