प्रेसिडेन्सी कॉलेज : दोन याद्यांमधील धागा

१८१७ मध्ये हिंदू कॉलेज म्हणून स्थापन झालेल्या कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजविषयी लिहिताना नामवंत अध्यापक व नामवंत विद्यार्थी अशा दोन याद्या देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे त्यांना जोडणारा धागा दृष्टीआड होतो.

जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकास तेव्हा युरोपीय सहकाऱ्याच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेही निम्मे. त्यांनी तीन वर्षे वेतन स्वीकारले नाही, अध्यापन मात्र चालू ठेवले. अखेर ते थकबाकीसह पूर्ण मिळाले. १८८९ मध्ये प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्र शिकवू लागले. एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट असूनही त्यांचा आरंभ मासिक २५० रुपयांवर झाला.

सत्येंद्रनाथ बोस व मेघनाद साहा हे याच दोघांचे विद्यार्थी. १९१५ च्या एम्. एस्सी. परीक्षेत ते अनुक्रमे पहिले व दुसरे आले. वेतनातील अन्याय परकी सत्तेचा होता. साहांना ईडन हिंदू वसतिगृहात जातीमुळे सहाध्यायांच्या पंक्तीस बसू दिले गेले नाही, तो मात्र स्वकीयांचा. आणि गौरवलेखात तोही यावयास हवा. ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारे साहांचे आयनीभवनाचे समीकरण १९२० मध्ये प्रसिद्ध झाले.