भिंतीत कोणती केबल घालावी?

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं चिऱ्याचं नवं घर उभं राहतंय. स्लॅब पडला, आता वायरिंगचे पाइप भिंतीत जातील. घरात इंटरनेटचे पाच-सहा पॉइंट, चार कॅमेरे आणि रस्त्याकडच्या फाटकावर एक कॅमेरा हवा आहे. फाटक घरापासून साधारण १४० मीटरवर आहे. वायरमन म्हणतो, कॅट सिक्स टाका. दुकानदार म्हणतो, पुढच्या वीस वर्षांचा विचार करा आणि कॅट एट घ्या. मुलगा म्हणतो, वायफाय असताना केबल हवीच कशाला? कोणाचं ऐकावं? आणि हे पाच, सहा, सात, आठ आकडे तरी कसले?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : १४० मीटर. तिच्याकडे येतोच. आधी चिरंजीवांची शंका फेडू. वायफायचा डबा भिंतीवर दिसतो, पण त्याच्या पाठीशी केबलच असते. चिऱ्याची जाड भिंत वायफायचा जोर चांगलाच कमी करते, म्हणून तुमच्या घरात एका राउटरवर भागेल असं वाटत नाही. दोन-तीन ठिकाणी वायफाय द्यायचं, तर त्या प्रत्येक ठिकाणी केबल न्यावी लागेल. फोन आणि लॅपटॉप खुशाल वायफायवर चालवा; टीव्ही, कॅमेरे, कामाचा संगणक अशा एका जागी बसणाऱ्या वस्तू मात्र केबलवरच ठेवा.

आता आकडे. वीतभर केबल घेऊन वरचं आवरण सोला. आत आठ बारीक तारा दिसतील, दोन-दोनच्या चार जोड्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीला पीळ आहे, आणि नीट पाहिलंत तर चारही जोड्यांचा पीळ सारखा नाही, कुठे घट्ट तर कुठे सैल. या पिळातच सगळी करामत आहे. जोडीच्या दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरून आलेला विजेचा खरखराट दोन्ही तारांना जवळपास सारखाच लागतो, आणि पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे खरखराट गळून पडतो. एका जोडीतली कुजबुज शेजारच्या जोडीला ऐकू जाऊ नये म्हणून प्रत्येकीचा पीळ वेगळा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या पिळाचं पेटंट घेतलं ते १८८१ मध्ये. आज आपल्या घरातलं इंटरनेट त्याच युक्तीवर चालतं.

कॅटच्या पुढचा आकडा ही या कारागिरीची प्रत. कॅट फाइव्ह-ई १०० मेगाहर्ट्झपर्यंतची, कॅट सिक्स २५० ची, कॅट सिक्स-ए ५०० ची. फाइव्ह-ई वर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग बिनतक्रार मिळतो, आणि घरगुती इंटरनेटच्या बहुतेक योजना त्याच्या आतच असतात. कॅट सिक्स तेवढ्याच अंतरावर पाच गिगाबिट नेऊ शकते, आणि अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर दहासुद्धा. पूर्ण १०० मीटर दहा गिगाबिट हवे असतील तर सिक्स-ए. ती जाड आणि कडक असते, कोपऱ्यात वळवताना त्रास देते. कॅट सेव्हन ही आंतरराष्ट्रीय मानकात आहे, अमेरिकी मानकात नाही, आणि तिच्यासाठी ठरवलेले जॅकही आपल्या नेहमीच्या जॅकपेक्षा वेगळे आहेत. घरासाठी तो विषय सोडून द्या. कॅट एट २००० मेगाहर्ट्झची, पण तिचा तो प्रचंड वेग फक्त ३० मीटरपर्यंत. ती डेटा सेंटरमध्ये एका कपाटातून शेजारच्या कपाटात जायला बनवली आहे. तुमच्या घराला तिचा काडीचा उपयोग नाही. वायरमन बरोबर सांगतोय : घरात कॅट सिक्स टाका.

पण त्यालाही एक प्रश्न विचारा, आणि तो मला आकड्यापेक्षा मोठा वाटतो. आतलं तांबं खरं आहे का? बाजारात कॅट सिक्स म्हणून जी स्वस्त केबल मिळते, तिच्यातली बरीचशी ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ३०५ मीटरचा खोका उचलतानाच ती हलकी लागते. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. पांढरं चकाकलं तर खोका परत करा.

हे मी सोसून सांगतोय. आमच्या सोसायटीत कॅमेरे बसवले तेव्हा दिवसभर सगळं छान चालायचं आणि अंधार पडला की मागच्या गेटचा कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, रात्रभर. कॅमेरा बदलला, स्विच बदलला, फरक शून्य. शेवटी एका संध्याकाळी शिडी लावून जोड उघडला आणि तार खरवडली. आत पांढरी. त्या कॅमेऱ्याला वीज याच केबलमधून जात होती. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त खेचली जायची. मुलाम्याच्या तारेचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, त्यामुळे कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो व्होल्टेज घसरायचं आणि तो मान टाकायचा. ती केबल आम्ही पूर्ण काढली. भिंतीच्या आत असती तर काढता आली नसती.

केबलमधून वीज नेण्याची ही सोय, म्हणजे पीओई, २००३ मध्ये मानकात आली तेव्हा १५.४ वॅटची होती. २००९ मध्ये ती ३० वॅट झाली आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत गेली. जितके वॅट वाढतील तितकी खोटी तार तापेल. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर आकड्यात वाचवा, तांब्यात नको. अस्सल तांब्याची फाइव्ह-ई ही मुलाम्याच्या कॅट सिक्सपेक्षा शंभर पटीने बरी.

आता फाटक. तांब्याच्या या केबलची हद्द १०० मीटर; तीही भिंतीतले ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे १० धरून. १४० मीटरवर ती कधी चालेल, कधी अडखळेल, आणि अडखळेल ती नेमकी पावसात. मध्येच यंत्र बसवून अंतर वाढवता येतं, पण अंगणात त्या यंत्राला पाऊसपाण्यापासून जपत बसावं लागेल. दुसरी काळजी विजांची. कोकणात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात काय गडगडाट होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. जवळ वीज पडली की अंगणातून धावणाऱ्या लांब तांब्याच्या तारेत विजेचा झटका उमटतो आणि तो थेट तुमच्या राउटरपर्यंत येतो.

तिथे फायबरच टाका. सिंगल मोड घ्या. तिचा काचेचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक, आणि १४० मीटर तर सोडाच, कित्येक किलोमीटर तिला जड जात नाहीत. काच वीज वाहून नेत नाही. घेताना एवढं बघा की आवरणात स्टीलची पट्टी नसावी, कारण त्या पट्टीतून वीज वाहू शकते. उंदरांपासून बचावासाठी केबल एचडीपीई पाइपमधून न्या. फायबर कॅमेऱ्याला वीज पुरवू शकत नाही, तेव्हा फाटकावर दिव्यासाठी जी लाइन जाते तिच्यावरच एक छोटा पीओई स्विच बसवा, आणि त्या लाइनला सर्ज प्रोटेक्टर लावा.

घराबाहेरच्या चार कॅमेऱ्यांसाठी काळ्या पॉलिएथिलीन आवरणाची, बाहेर वापरायची केबल मागा. आतली पांढरी-राखाडी केबल उन्हात कडक होऊन तडकते. जाळीची, म्हणजे शिल्डेड केबल तुम्हाला नको, तिला नीट अर्थिंग नसेल तर तिचा फायदा मिळत नाही. विजेच्या वायरींच्या पाइपात ही केबल घालू देऊ नका, वेगळा पाइप काढा. जॅक बसवताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलू नये, हे वायरमनला समोर उभं राहून सांगा.

आणि पाइप एक माप मोठा घ्या. प्रत्येक पाइपात केबलबरोबर नायलॉनची एक मोकळी दोरी सोडा, म्हणजे वीस वर्षांनी जी केबल येईल ती मुलाला भिंत न फोडता ओढून घेता येईल. गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा.