पावसातला नेम

मुलांनो, मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या शर्यतीत खोपोलीहून बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्यात येई. लोकांना दिसतो तो घाटमाथ्यावरचा क्षण. त्यामागची पावसाळी पहाट कोणालाच दिसत नाही.

दहिवलीत आषाढ लागला, की उल्हास नदी दुथडी भरून वाहते. पहाटे कौलांवर सरी कोसळत असतात आणि मन म्हणते, “आज राहू दे, उद्या जाऊ.” हा ‘उद्या’ फार लबाड! असे उद्या साठत गेले, की पायांतले बळ आणि छातीतला दम दोन्ही ओसरतात. म्हणून उत्साहाची वाट पाहू नये. अंतर थोडे ठेवावे, पण वेळ चुकवू नये. सोबतीला मित्र घ्यावा. स्वतःला दिलेला शब्द माणूस सहज मोडतो, मित्राला दिलेला मोडताना त्याला लाज वाटते.

मात्र नेम म्हणजे अविचार नव्हे. भिजलेल्या ब्रेकची पकड उशिरा बसते. वीज कडाडत असेल किंवा पुलावरून पाणी जात असेल, त्या दिवशी घरीच बैठका काढाव्यात, साखळी पुसून तिला तेल द्यावे. तोही सरावच होय.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एवढी वाट एका दिवसाच्या उत्साहावर सरत नाही. ती रोजच्या नेमानेच सरते.