कापणीला आलेल्या भातावर तणनाशक नको



दसऱ्याच्या सुमारास अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील हळवी भाते कापणीला येतात. त्याच वेळी खाचरात पाखड, लव्हाळा, माका डोके वर काढतात. मजूर मिळत नाहीत आणि पुढे वाल किंवा पांढरा कांदा करायचा असतो. मग "एकदा ग्लायफोसेट मारले की भातही वाळेल आणि तणही जाईल" असा विचार मनात येतो. हा विचार नुकसानीचा आहे.

असे का?

ग्लायफोसेट पानांतून शिरते आणि वनस्पतीच्या वाढत्या भागांत पोहोचते. उभ्या भातावर ते पडले आणि दाणा चिकात असला, तर ते दाण्यातही उतरते. दाणे पोचट राहतात. असे भात बियाण्याला ठेवल्यास उगवण कमी होते आणि हे पुढच्या जूनमध्ये रोपवाटिकेतच कळते. फवारलेला पेंढा तर गुरांच्याच दावणीत जातो. शिवाय आपल्याकडे कापणी हाताने होते. फवारलेल्या रानात दिवसभर वाकून काम करणारी घरचीच माणसे असतात.

आपल्या देशात ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे व बिगरपीक क्षेत्रासाठी आहे, उभ्या भातासाठी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याचे बंधन घातले. इंग्लंडमध्ये गव्हावर कापणीपूर्वी फवारणीची मुभा आहे. पण ती दाण्यातील ओलावा 30 टक्क्यांखाली आल्यावर, कापणीपूर्वी किमान 7 दिवस. आणि बियाण्याच्या पिकावर नाही. युरोपीय संघाने तर 2023 मध्ये पीक वाळवण्यासाठी त्याच्या वापरास मनाई केली.

मग काय करावे?

1. कापणीपूर्वी साधारण 10 दिवस खाचरातील पाणी काढून टाकावे. पीक एकसारखे पिकते व जमीन कापणीजोगी होते.
2. उंच वाढलेले तण बी पडण्यापूर्वी उपटून बांधाबाहेर न्यावे. बियाण्याच्या तुकड्यात हे आधी करावे.
3. लोंबीतील सुमारे 90 टक्के दाणे पिकले, की वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी करावी.
4. बांधावर तूर किंवा भाजी असेल, तर तेथे तणनाशक मारू नये. वाऱ्याने उडालेला फवारा शेजाऱ्याच्या भातावरही जातो.

तणनाशकाची खरी वेळ

भातातील तणाचा बंदोबस्त लावणीनंतर पहिल्या महिन्यात होतो. लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, खाचरात पाण्याचा पातळ थर असताना, प्रेटिलाक्लोर 50 टक्के हेक्टरी 1 ते 1.5 लिटर वापरावे. हे जमले नाही, तर तण 2 ते 4 पानांवर असताना बिस्पायरिबॅक सोडियम 10 टक्के हेक्टरी 200 मिली, म्हणजे गुंठ्याला 2 मिली फवारावे. फवारणीपूर्वी पाणी काढावे व 2 ते 3 दिवसांनी पुन्हा भरावे. त्यानंतर उरलेल्या तणाला बेणणी हाच उपाय.

पंपाचे माप आधी काढावे. एक गुंठा साध्या पाण्याने फवारून पाहावा. समजा 4 लिटर पाणी लागले, तर 16 लिटरचा पंप 4 गुंठ्यांना पुरतो. म्हणजे एका पंपात बिस्पायरिबॅक 8 मिली घालावे. अंदाजाने झाकण ओतू नये.

जपून राहा

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तरी धडा सर्वांना सारखाच आहे. हातमोजे, बूट व तोंडावर मास्क वापरावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. पंप ओढ्यात किंवा खाडीच्या उघाडीजवळ धुऊ नये. तेच पाणी मासळीला जाते. औषध दुसऱ्या बाटलीत भरून ठेवू नये. पॅराक्वाटवर तर उताराच नाही.

डब्यावरील पत्रकात पिकाचे नाव, मात्रा आणि फवारणी व कापणी यांतील दिवस दिलेले असतात. ज्या पिकाचे नाव तेथे नाही, त्या पिकावर ते औषध मारू नये. शंका असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात विचारावे. एका दिवसाची मजुरी वाचवताना वर्षाचे बियाणे गमावू नका.